खंडेनवमीचं इंजिन

बंद पडलेली वस्तू हातात आली की माझं डोकं आधी तापतं आणि मग चालायला लागतं. कंपनीत हे सगळ्यांना माहीत आहे. चाकणच्या पट्ट्यात मेंटेनन्समध्ये बाईमाणूस म्हणून मी जी वर्षं काढली, ती काही गोड बोलून काढलेली नाहीत. लाईन थांबली की फोन येतो, "ताई, या जरा लवकर," आणि मी जाते, आधी त्या मशिनला दोन शब्द सुनावते, मग पॅनल उघडते. पोरं हसतात. हसू देत. मशिन चालू झालं की तीच पोरं चहा आणून देतात.

पण ज्या इंजिनाबद्दल सांगतेय ते माझ्या तळहातावर मावत होतं, आणि त्याला मोठ्यानं काही सुनवायची सोयही नव्हती. कारण समोर खुर्चीत दादा बसले होते.

दादा म्हणजे माझे वडील. आमचं घर मूळचं मोशीतलं, शेतकऱ्याचं. शेत होतं तिथं आता इमारती आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीत आई-दादा राहतात. दादांनी जन्मभर पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायच्या खात्यात, काम केलं. लग्नानंतरची पहिली वर्षं दोघांनी दापोडीत काढली, रेल्वेलाईनच्या कडेला, भाड्याच्या एका खोलीत, कारण तेव्हा मोशीहून पहाटेच्या शिफ्टला पोचायला धड बस नव्हती. लोकल गेली की मांडणीवरची भांडी वाजायची. आई अजून सांगते, "माझ्या लग्नातला तांब्या त्या गाडीनं पाडला. पोचा हाय बघ अजून." पोचा आलेला तो तांब्या तिनं मोडीत मात्र कधी घातला नाही.

छोटी गाडी घरात आली ती माझ्यामुळं. आमच्या कंपनीत एक परदेशी साहेब होते. मुदत संपवून मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी सामान वाटून टाकलं. कुणाला सायकल मिळाली, कुणाला मिक्सर. माझ्या वाट्याला एक खोकं आलं. त्यात लाल चाकांचं काळं इंजिन, थोडे डबे, रुळांचे तुकडे आणि नॉब असलेली एक पेटी, जिला साहेब कंट्रोलर म्हणायचे. नॉब फिरवला की रुळांत करंट येतो, रुळांतून चाकांत, चाकांतून मोटरीत, आणि गाडी पळते. एवढंच तिचं शास्त्र. दादा तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते आणि दिवसभर गॅलरीत उभं राहून, लोक पार्किंगमध्ये गाड्या कशा वाकड्या लावतात यावर भाषण देत होते. आईला अगदी नको नको झालं होतं. मी खोकं आणलं आणि भाषण बंद झालं.

जुन्या दिवाणावर प्लायवूड टाकून दादांनी त्यावर अख्खं दापोडी उभं केलं. स्टेशन, फाटक, आणि लाईनच्या कडेला काडेपेटीएवढी एक खोली, हिरव्या खिडकीची. "ही कुणाची खोली?" मी मुद्दाम विचारलं. "असंल कुणाची तरी," दादा म्हणाले. आईनं चष्मा लावून वाकून बघितलं आणि "खिडकी उजव्या अंगाला हुती" एवढंच बोलून ती स्वयंपाकघरात गेली. पुढच्या गुरुवारी मी गेले तेव्हा खिडकी उजव्या अंगाला आली होती. गुरुवारी आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी असते, तेव्हा माझी मोशीची फेरी ठरलेली.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पूर्वी शेतातली कुळव-पाभर असायची, नंतर दादांची मापं घ्यायची व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि कानशी आल्या, आणि मी नोकरीला लागल्यावर माझा करंट तपासायचा मीटर आणि पक्कड. गाडी आली त्या पहिल्याच वर्षी आईनं इंजिनही पाटावर आणून ठेवलं. दादा म्हणाले, "अगं, हे खेळणं हाय." आई म्हणाली, "चाकं हायत, वजन वढतंय. मग पूजा नको व्हय?" हळद, कुंकू, तेलाचं बोट, झेंडूचं फूल, सगळं साग्रसंगीत झालं. इंजिनालाही आणि रुळांनाही. दादाही हात जोडून उभे राहिले. त्या संध्याकाळी ते गाडीच्या खोलीचं दार लावून बसले आणि आई मला म्हणाली, "बसलं बग पोर खेळायला." पुढं दरवर्षी हेच. पूजा आईची, संध्याकाळ दादांची.

यंदा श्रावणात दादांच्या अंगावरून वारं गेलं.

उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्यापाशी दोनच शब्द उरले होते, 'हां' आणि 'नको'. चहा पाहिजे? हां. पाठीला उशी? नको. ज्या माणसानं अख्ख्या पार्किंगला शिस्त लावली होती तो माणूस दोन शब्दांत दिवस काढत होता. पाय हळूहळू काठीवर आला. हात मात्र येईना. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "हातात जीव आहे. बोटं हलतात. पण ते हात वापरतच नाहीत. त्यांना स्वतःहून काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे, तरच तो परत येईल. आणि फार उशीर करून चालणार नाही." दादा उजवा हात शालीखाली झाकून ठेवायचे. चहा डाव्या हातानं, घास डाव्या हातानं. मला राग यायचा त्यांचा. मग रागाचंच वाईट वाटायचं, आणि कुरुळीला माझ्या घरी परत जाताना नाशिक रोडच्या गर्दीत हेल्मेटच्या आत मी रडून घ्यायची. तिथं कोण बघतंय?

खंडेनवमी आली. आईनं यंदा पूजा जोरात केली. "मानूस घरी आला, यंदा हात आखडता घ्यायचा न्हाई," असं म्हणून तिनं तेलात हळदकुंकू कालवलं आणि इंजिनाच्या चाकाचाकाला बोटं ओढली. रुळांवरूनही ओढली, पार दापोडी स्टेशनापासून फाटकापर्यंत. मी कापूर लावला. आरती झाली. आईनं इंजिन उचलून रुळावर ठेवलं आणि दादांची खुर्ची जवळ ओढली, नुसतं बघायला.

आणि दादांचा उजवा हात शालीतून बाहेर आला.

हात थरथरत होता, पण येत होता. बोटं नॉबपर्यंत पोचली. नॉबला गुंडाळली. दादांनी दात आवळले आणि नॉब फिरवला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, चांगला अर्धा फिरवला. इंजिन हललं नाही.

दादांनी इंजिनाकडं बघितलंच नाही हो. त्यांनी हाताकडं बघितलं. "नको," म्हणाले, आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून परत शालीखाली घातला.

मी म्हटलं, "दादा, तुम्ही फिरवलात! गाडीतच काहीतरी बिघडलंय. हे बघा, मी फिरवते." मी नॉब पार शेवटापर्यंत नेला. इंजिन ढिम्म. दादांनी माझ्याकडं बघितलं आणि मग हळूच भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडं बघितलं. त्यांना वाटलं, पोरीनं त्यांचं मन राखायला मागून बटण बंद केलंय. पत्त्यांत मी लहान असताना ते मुद्दाम हरायचे आणि मी त्यांना पकडायची, अगदी तशीच ती नजर होती. आता मी कुठली शपथ घेऊन सांगू?

त्यानंतर त्यांनी व्यायामच सोडला. बाई यायच्या, दादा भिंतीकडं तोंड करायचे. "नको." आईनं समजावलं, मी ओरडले, शेजारचे येऊन सांगून गेले. "नको." हात मेला, हे त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. आणि सगळी मेख त्या तळहाताएवढ्या इंजिनात होती. गाडीचा बिघाड मला शोधायचा होता, तोही त्यांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे त्यांना कळलं असतं की त्या दिवशी हरली ती गाडी, हात नाही.

पुढच्या गुरुवारी मी कंपनीची बॅग घेऊनच मोशीला गेले. दादांची खुर्ची प्लायवूडजवळ आणली. ते भिंतीकडं वळायला लागले तेव्हा म्हटलं, "नका बघू. मी माझं काम करते." स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती, तिचा थप थप आवाज येत होता.

आमच्यात एक शिस्त असते: आधी सप्लाय बघायचा. प्लग बघितला. कंट्रोलरच्या तारांना मीटर लावला, करंट बरोबर. रुळांना मीटर लावला, तिथंही बरोबर. म्हणजे रूळ ठीक, मग घोडं इंजिनातच पेंड खातंय. दुसरी शिस्त असते की आधी चालत होतं आणि आता बंद पडलंय, तर मधे काय बदललं ते शोधायचं. काय बदललं होतं? काहीच नाही. पूजा दरवर्षी होते, गाडी दरवर्षी चालते. श्रावणापासून पडून होती, तेवढंच. मोटरच आखडली असणार, असा मी निकाल लावला.

इंजिन पालथं केलं आणि स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला. खुर्चीतून आवाज आला, "नको."

मी वर बघितलं. दादा भिंतीकडं बघत नव्हते. माझ्या स्क्रूड्रायव्हरकडं बघत होते. तो एक नंबर मोठा होता, स्क्रूची खाच खराब झाली असती. टूलरूमचा माणूस, सगळं सोडेल पण हे कसं सोडेल? "बरं बाबा," म्हणून मी बारका घेतला. "हां," दादा म्हणाले.

मोटर उघडली. आत कार्बनचे दोन बारके तुकडे असतात, त्यांना मागून स्प्रिंग दाबून धरते. ती स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी. मी झाकण काढलं आणि ती टण्णकन उडाली ती थेट गायब. माझ्या तोंडून जे काही बाहेर पडलं ते इथं लिहीत नाही. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अगं, घरात देव हाय!" मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली, दिवाणाखाली डोकं घातलं, पायपुसणं झटकलं. वर आले तर दादा डाव्या हातानं त्यांच्या हत्यारांच्या पेटीकडं बोट दाखवत होते. पेटीत लोहचुंबक होतं. ते फरशीवरून फिरवलं, आणि बाईसाहेब पडद्याच्या कडेला सापडल्या.

दादांच्या तोंडावर हसू नव्हतं अजून, पण ते पुढं झुकून बसले होते. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

मोटर साफ होती. कार्बन चांगले होते. सगळं परत बसवलं आणि दोन तारा थेट मोटरीला टेकवल्या, तर मोटर गरकन फिरली. मोटर चांगली! मी कपाळावर हात मारला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तशी माझी गत. रुळांत करंट आहे, मोटरीत दम आहे, आणि गाडी मात्र हलत नाही. म्हणजे रुळातला करंट मोटरीपर्यंत पोचत नाही. आणि या दोघांच्या मधे असतं काय? चाक.

मी चाक उजेडात धरलं. लाल रंगाच्या आतल्या बाजूला, जिथं चाक रुळावर टेकतं तिथं, तपकिरी खरपुडी बसली होती. नखानं खरवडली, निघेना. बॅगेतल्या पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि चाक घासलं.

फडकं पिवळं झालं.

मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. रुळावर घासलं. पिवळं, त्यात लालसर. तेलात कालवलेली हळद रुळांवर आणि चाकांवर वाळून बसली होती. तिच्यातून करंट जाणार कसा? आणि माझ्या मीटरची टोकं सुईसारखी अणकुचीदार, ती हळदीत घुसून खालच्या धातूला टेकली, म्हणून मीटर म्हणाला सगळं ठीक आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी त्याच पूजेत कापूर लावला होता.

"दादा, हे बघा!" मी फडकं त्यांच्या नाकासमोर धरलं. "हळद! तुमचा हात नाही हो, हळद! आईनं..."

दादा फडक्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं झटका आला. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. हसता हसता त्यांनी पेटीच्या खालच्या कप्प्याकडं बोट केलं.

कप्प्यात बिस्किटांचा एक जुना डबा होता. डब्यात स्पिरिटची बाटली आणि काड्यांना गुंडाळलेल्या जुन्या बनियनच्या चिंध्या. सगळ्या चिंध्या पिवळ्या. काही फिकट, काही अजून गडद.

मी डबा मांडीवर घेऊन खाली बसले. दर खंडेनवमीला संध्याकाळी दार लावून हा माणूस खेळत नव्हता. बायकोनं लावलेली हळद पुसत होता. चाक न् चाक, रूळ न् रूळ. टूलरूममधल्या माणसाला धातूवर कणभर घाण चालत नाही, म्हणून त्यांनी गाडी कधी न पुसता चालवलीच नसणार. आणि यंदा हात गेला या दुःखात त्यांना ते आठवलंही नसेल. पण आईला एका शब्दानं बोलले नव्हते, इतक्या वर्षांत. 'लावू नको' म्हणायला काय जात होतं? पण कधी म्हणाले नाहीत.

स्वयंपाकघरातली थप थप थांबली. आईची पावलं वाजली.

मी डब्याचं झाकण लावतेय तोवर समोरचं पिवळं फडकं नाहीसं झालं. दादांनी ते उचलून शालीखाली ओढलं होतं. उजव्या हातानं. त्यांना स्वतःला ते कळलंही नव्हतं.

आई पिठाचे हात घेऊन दारात उभी राहिली. "घावलं का काय ते? काय झालंतं गाडीला?"

मी दादांकडं बघितलं. दादांचे ओठ हलले. जीभ कुठंतरी अडकली, परत फिरली. गळ्याची शीर फुगली. आणि मग, तुटक पण स्वच्छ, शब्द आला.

"धूळ."

श्रावणापासून त्या घरात तिसरा शब्द कुणी ऐकला नव्हता. आईनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले, आणि तोंड पांढरं करून दादांवर डाफरली, "धूळ? माज्या घरात धूळ? रोज पुसते मी! मोठं आलेत धूळ काडनारे! आवो, अजून एकदा म्हना की. म्हना!"

"धूळ," दादा म्हणाले.

"व्हय व्हय, धूळच," आई रडत म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी जळायला लागली म्हणून आत पळाली.

मग आम्ही बापलेकीनं रूळ पुसले. म्हणजे मी पुसायला गेले, तर दादा म्हणाले "नको," आणि चिंधी स्वतः घेतली. हात वाकडा पडत होता, चिंधी निसटत होती, मी दोनदा पुढं झाले आणि दोनदा "नको" ऐकून मागं सरले. स्टेशनापासून फाटकापर्यंत त्यांनी रूळ एकट्यानं पुसला, राहिलेली चाकंही. मग उजवा हात नॉबवर ठेवला. मला म्हणाले, "हां?"

"हां दादा. फिरवा."

इंजिन आधी कुरकुरलं, मग एक हिसका देऊन निघालं. फाटक, वळण, स्टेशन, आणि त्या हिरव्या खिडकीच्या खोलीला अगदी चाटून पुढं. दादा हाताकडं बघत नव्हते. गाडीकडं बघत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, शिट्टी मारावीशी वाटत होती. मी मारलीही.

आवाज ऐकून आई धावत आली, आणि मी बघते तर तिच्या हातात ताट. निरांजन, हळद, कुंकू, तेलाची वाटी. "चालली का? थांब, थांब, थांबवा तिला. वाईच बोट लावते. दृष्ट लागंल मेल्या इंजिनाला!"

मी तोंड उघडलं. आता तरी हिला सांगायलाच हवं, नाहीतर परत...

"नको," दादा मला म्हणाले.

मग आईकडं बघून म्हणाले, "हां." नॉब मागं घेऊन त्यांनी गाडी तिच्यापुढं थांबवली. आई वाकून चाकांना हळद लावायला लागली, आणि दादांचा उजवा हात शालीखाली जाऊन फडकं चाचपायला लागला.